बोळाच्या तोंडाचं चेंबर

तुमची मोठी मुलगी काय काम करते असं कुणी विचारलं, की अम्मा "लॅबमध्ये आहे" एवढंच सांगून विषय बदलायची. लॅबमध्ये काय, हे सांगायची तिला लाज वाटायची. सूक्ष्मजीवशास्त्रात एवढं शिकून मी दर आठवड्याला सकाळी शहरातली ड्रेनेजची झाकणं उघडून घेत होते. दोरीला बांधलेलं भांडं आत सोडून घाण पाणी वर काढायचं, बाटलीत भरायचं आणि बर्फाच्या डब्यात ठेवून, तूप न्यावं तसं जपून लॅबला न्यायचं.

कोरोनाच्या काळात हे काम सुरू झालं. माणूस डॉक्टरकडे जाण्याआधी, कित्येकदा त्याला आपण आजारी आहोत हे कळण्याआधीच, त्याच्या पोटातले जंतू संडासावाटे गटारात उतरलेले असतात. एकेकाला गाठून तपासत बसण्यापेक्षा ते पाणी तपासलं तर सगळ्या पेठेची तब्येत एकदम कळते. कोण आजारी आहे हे त्यातून कळत नाही. आजार आलाय, वाढतोय की उतरतोय, एवढं कळतं. कोरोना ओसरल्यावरही आम्ही थांबलो नाही. त्याच पाण्यात टायफॉइड, कावीळ असले पोटाचे आजार शोधू लागलो. शहरातली काही चेंबरं ठरवून घेतली होती. त्यातलं एक भवानी पेठेत, नेमकं माझ्या माहेरच्या बोळाच्या तोंडाशी होतं. मी ते निवडलं नव्हतं. उतार तिकडे होता, आसपासच्या बोळांचं सगळं पाणी तिथे गोळा व्हायचं, म्हणून ते निवडलं गेलं.

अम्मा सकाळी त्याच वाटेने दूध आणायला जायची. मी हातमोजे, मास्क, गमबूट घालून झाकणापाशी उभी असले की ती समोरून यायची आणि माझ्याकडे न बघता पुढे निघून जायची. घरी गेल्यावर मात्र म्हणायची, "सोलापुरात दुसरं चेंबर नव्हतं का गं? सगळी पेठ ओळखते मला." आमच्या घरात तेलुगू बोलतात. तिचं बोलणं मी इथे मराठीत लिहितेय. तेलुगूत ते जरा जास्त लागायचं.

शेजारच्या घरातल्या खालाला, सगळ्या बोळाच्या मावशीला, अशी लाज नव्हती. ती सरळ चेंबरपाशी येऊन आत डोकावायची. "काय गं, निघालं का सोनंबिनं?"

"निघालं तर अर्धं तुझं, खाला."

त्या उन्हाळ्यात माझी धाकटी बहीण बाळंतपणाला माहेरी आली. तिचं सासर जेऊरचं. पहिलटकरीण, सातवा महिना संपत आलेला. वडील गेल्यापासून अम्मा घरात एकटीच असायची. बहीण आल्यावर तिच्या अंगात वारं शिरलं. डिंक, खारीक, जुन्या मऊ लुगड्यांच्या दुपट्यांचा ढीग, सगळं आधीच तयार होतं. मी विजापूर रोडला राहते. संध्याकाळी लॅबमधून सुटले की माहेरी एक चक्कर ठरलेली असायची. बहीण दारात पाय पसरून बसलेली असायची आणि अम्मा तिच्यापुढे काही ना काही आणून ठेवत असायची.

ती येऊन आठवडा-दहा दिवस झाले असतील. दुपारी मी लॅबमध्ये मशीनच्या पडद्यापुढे बसले होते. नमुन्यात आपण शोधतोय तो विषाणू नसेल तर पडद्यावरची रेघ तळाशी सपाट राहते, असेल तर वर चढते. बाकीच्या चेंबरांच्या रेघा सपाट होत्या. भवानी पेठेची चढली. लवकर चढली आणि उभी चढली, म्हणजे विषाणू थोडाथोडका नव्हता.

तो काविळीचा होता. काविळीचे प्रकार बरेच आहेत, हा त्यातला घाणेरड्या पाण्यातून पसरणारा. धडधाकट माणूस यातून महिन्या-दीड महिन्यात उठून कामाला लागतो. पण दिवस भरत आलेल्या बाईला हीच कावीळ जिवावर बेतू शकते. हे वाक्य मी किती वेळा वाचलं होतं, लिहिलं होतं, दुसऱ्यांना समजावून सांगितलं होतं. त्या दुपारी ते वाक्य मला माझ्या बहिणीच्या तोंडवळ्याचं दिसायला लागलं.

मी नमुना पुन्हा लावला. रेघ पुन्हा चढली.

आमच्या सरांना दाखवलं. त्यांनी दोन्ही रेघा ताडून पाहिल्या. "महापालिकेला लगेच कळवू या. पण पेठेत आत्ताच बोंब नको. उद्या मागची चेंबरं तपासू, नेमकं कुठून येतंय ते कळू दे."

"सर, माझी बहीण तिथे आहे. आठवा महिना लागतोय तिला."

सरांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. मग म्हणाले, "पाणी उकळून प्या, हे कुणीही कुणालाही सांगू शकतं. त्याला रिपोर्ट लागत नाही."

मी बाहेर येऊन फोन लावला. "अम्मा, आजपासून पाणी उकळायचं. प्यायचं, भांडी विसळायचं, सगळंच."

"का?"

"उन्हाळा आहे म्हणून."

"उन्हाळ्यात उकळलेलं पाणी कोण पितं? माठाला वाळा घातलाय मी."

"अम्मा, मी सांगतेय म्हणून उकळ."

माझ्या आवाजात काहीतरी असणार. ती एकदम हळू बोलायला लागली. "तुझ्या त्या बाटलीत काय निघालं?"

आता मात्र तिच्याशी मला खोटं बोलता आलं नाही. एवढंच म्हणाले, "माठ ओतून दे."

संध्याकाळी मी गाडी घेऊन गेले आणि बहिणीला माझ्या घरी चल म्हणाले. अम्माने ते फारच मनाला लावून घेतलं. "पहिलं बाळंतपण आईच्या घरी होतं. लोक काय म्हणतील? आईला झेपेना म्हणून बहिणीने नेली म्हणतील."

"थोडे दिवस, अम्मा."

"माझ्या घरचं पाणी खराब, आणि तुझ्या घरचं गंगाजल का?"

बहीण आतापर्यंत भिंतीला टेकून ऐकत होती. तिने मला जवळ बोलावलं. "अक्का, खरं सांग. घाबरण्यासारखं आहे का?"

मी तिला सगळं सांगितलं. तिने पोटावर हात ठेवला आणि पिशवी भरायला उठली. अम्मा दारापर्यंतसुद्धा आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पेठेत होतो. पाणीपुरवठ्याकडच्या एक तरुण अभियंता बरोबर होत्या. माढ्याकडच्या, सडपातळ, आवाज खणखणीत. आम्ही बोळाच्या तोंडापासून मागे मागे सरकत एकेक चेंबर उघडत गेलो. हे काम म्हणजे आडवळणाने वाट विचारत जाण्यासारखं. मोठ्या चेंबरात विषाणू आहे. त्यात जे दोन फाटे येतात त्यातल्या कुठल्या फाट्यात आहे? मग त्याच्या मागे? दुपारपर्यंत बाटल्या लॅबमध्ये लागल्या. बाकीच्या फाट्यांत जवळजवळ काही नव्हतं. उभी रेघ फक्त एकाच ठिकाणी चढली, आमच्या बोळाच्या मागच्या टोकाला. आमचं घर त्याच टोकाला आहे. खालाचं त्याच्या बाजूला, आणि समोर एक जुनी इमारत, खाली टॉवेलचा छोटा कारखाना आणि वर भाड्याच्या खोल्या.

एवढी चेंबरं उघडल्यावर पेठेला वेगळं सांगायची गरज उरली नव्हती. आरोग्य खात्याच्या बायका घरोघरी फिरून क्लोरीनच्या गोळ्या वाटायला लागल्या आणि सगळ्या बोळाचा एकच प्रश्न सुरू झाला. कुणाच्या घरचं?

"तुला कळत असेल की," बोळातला एक काका मला म्हणाला. "लई मोठं मशीन हाय म्हणं तुमचं."

"काका, मशीनला घर कळत नाही. ते पाणी दहा घरांचं असतं."

"तरीबी अंदाज असंल की न्हाय?"

अंदाज त्यांनी आधीच बांधला होता. समोरच्या इमारतीत अक्कलकोटकडचं एक जोडपं राहत होतं. नवरा खालच्या कारखान्यात कामाला. घरात कानडी बोलायचे, बाहेर फारसे मिसळायचे नाहीत. तो काही दिवस कामाला आला नव्हता आणि त्याची बायको खिडकी बंद ठेवून राहत होती. घरमालकाला सांगून खोली रिकामी करून घ्यावी, अशी कुजबूज सुरू झाली. या कुजबुजीत सगळ्यांत मोठा आवाज कुणाचा असेल तर माझ्या आईचा. "माझी लेक घर सोडून गेली त्यांच्या पायी," ती सगळ्यांना सांगत होती.

मी आणि आरोग्य खात्याची एक बाई जिना चढून वर गेलो. बायकोने दार अर्धंच उघडलं. "आजारी नाही कोणी," ती अडखळत म्हणाली.

"आम्ही खोली सोडा म्हणून सांगायला आलो नाही," मी म्हणाले. "माझी बहीण गरोदर आहे. ती या बोळात राहत होती. मला फक्त मदत हवी आहे."

तिने दार पूर्ण उघडलं. नवरा कोपऱ्यात गोधडी पांघरून पडला होता. पंचविशीचा असेल. डोळे हळदीसारखे. शर्टाच्या आत गळ्यात काविळीची माळ, झाडपाल्याच्या बारीक काड्या दोऱ्यात ओवलेली. गावाकडून घालून आला होता. माळ जसजशी लांबत खाली येईल तसतशी कावीळ उतरते, असं त्याला सांगितलं होतं. डॉक्टरकडे गेला नव्हता, कारण डॉक्टरकडे गेलं की कारखान्यात कळेल आणि कारखान्यात कळलं की खोली जाईल.

"माझ्यामुळे झालं का, ताई?" त्याने विचारलं.

"ते मला माहीत नाही," मी म्हणाले. खरंच माहीत नव्हतं. "तुम्हालाही कुठून तरी झालंच ना."

आरोग्य खात्याची बाई त्याला दवाखान्यात घेऊन गेली. माळ काढायला तो तयार नव्हता. डॉक्टरांनी राहू दे म्हटलं, फक्त गावठी औषध पोटात घ्यायचं बंद करायला लावलं आणि विश्रांतीसाठी घरी पाठवलं.

एक प्रश्न अजून राहिला होता. गटारात विषाणू आहे, हे एक झालं. पण तो पिण्याच्या पाण्यात जातोय का? आमच्या पेठेत नळाला रोज पाणी येत नाही. चार-पाच दिवसांनी येतं, आणि येतं तेव्हा सगळा बोळ जागा होतो. पिंप, हंडे, कळशा, हौद, जे सापडेल ते भरायचं. प्रेशर कमी म्हणून घराघरात नळाला मोटारी लावलेल्या. आमच्याकडेही होती.

पाण्याचा दिवस आला तेव्हा अभियंता मॅडम काचेच्या छोट्या नळ्या घेऊन हजर होत्या. नळाच्या पाण्यात औषधाचा थेंब टाकायचा. पाण्यात क्लोरीन असेल तर ते पिवळसर होतं. बोळाच्या तोंडाच्या घरांत छान पिवळं झालं. मागे जात गेलो तसा रंग फिका पडत गेला. आमच्या घरात, खालाच्या घरात आणि समोरच्या इमारतीत पाणी होतं तसंच राहिलं. क्लोरीन वाटेतच कुठेतरी खर्ची पडत होता, म्हणजे लाइनीत घाण शिरत होती.

"मोटारी बंद करा सगळ्यांनी!" मॅडम बोळाच्या मधोमध उभ्या राहून ओरडल्या. एरवी त्या कागदी मराठी बोलायच्या, चिडल्या की माढा बाहेर यायचं. "बंद करा म्हणते न्हवं! तुमी मोटार लावताय, पाइपातलं पाणी संपलं की ती गटारातलं ओढती. कळतंय का?"

लोक कुरकुरले. पण मोटारींचा आवाज एकेक करून थांबला.

पालिकेच्या माणसांनी खणायला सुरुवात केली. आमच्या दारापुढच्या गटारावर एक मोठी फरशी आहे. माझ्या लहानपणीच अम्माने ती टाकून घेतली होती, ओलांडून घरात यायला सोपं पडावं म्हणून. ती फरशी पहारीने उचलली आणि सगळे वाकून बघायला लागले. गटाराच्या पाण्यात अर्धा बुडालेला लोखंडी पाइप होता. तीन घरांना पाणी नेणारा. त्याला गंजून भोक पडलेलं होतं आणि कधी काळी कुणीतरी त्यावर सायकलची ट्यूब गुंडाळलेली होती. ट्यूब कुजून सुटली होती.

अम्मा दारातच उभी होती. तिने पाइपाकडे पाहिलं, मग समोरच्या इमारतीच्या वरच्या खिडकीकडे पाहिलं. खिडकी उघडी होती आणि ती बाई तिथून बघत होती. अम्मा आत गेली.

संध्याकाळपर्यंत जुना पाइप काढून नवा टाकला, गटाराच्या बाजूने न नेता भिंतीच्या कडेने, उंचावरून. मी निघाले तेव्हा अम्मा जिना उतरून येत होती. समोरच्या इमारतीचा जिना. हातात रिकामा डबा.

"मऊ भात दिला त्याला," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "कावीळ झालेल्या माणसाला तिखट चालत नाही." आणि डब्याचं झाकण लावत, "मोटार काढून ठेवलीय. खालालाही सांगितलं. ती म्हणाली, आधी तू काढ, मग मी."

बहिणीचं रक्त तपासलं. पहिला रिपोर्ट चांगला आला, पण डॉक्टरीणबाईंनी लगेच हसू दिलं नाही. या आजाराला अंगात मुरायला वेळ लागतो. काही आठवड्यांनी परत तपासू, तोवर भूक, लघवीचा रंग, डोळे, सगळ्यावर लक्ष ठेवा, असं सांगितलं. ते आठवडे वाईट गेले. सकाळी चहा देताना मी बहिणीचे डोळे बघायचे. तिला कळायचं. एकदा ती वैतागून खालची पापणी ओढून माझ्यापुढे उभी राहिली. "घे, बघ. पांढरं आहे. आता पिऊ का चहा?"

अम्मा रोज दुपारी शहर बसने माझ्या घरी यायची. डब्यात भाकरी, शेंगाची चटणी, भाजी. येताना पाण्याची बाटली आणायची, स्वतः उकळलेल्या पाण्याची. "बोळात सगळे उकळतात आता," सांगायची. "तुझ्या नावाने बोटं मोडत उकळतात, पण उकळतात."

बोळात आणखी दोघा-तिघांना कावीळ झाली. एक शाळेत जाणारी मुलगी, मशीनबद्दल विचारणारा तो काका आणि मागच्या बोळातले एकजण. डोळे पिवळे दिसताच सगळे दवाखान्यात गेले, कारण काय बघायचं हे आता प्रत्येकाला ठाऊक होतं. घरीच झोपून, पथ्य पाळून बरे झाले. कुणाला दाखल करावं लागलं नाही. काका तर मला भेटल्यावर सांगत होता, "मशीनला घर कळत न्हाय म्हनलीस, पन कावीळ माझ्या घरी बराबर आली की!"

बोळाच्या तोंडाच्या चेंबरातली रेघ आठवड्याआठवड्याने उशिरा चढायला लागली. मग जेमतेम चढली. मग एका दुपारी ती तळाशी पडून राहिली. मी नमुना पुन्हा लावला. मागच्या वेळी लावला होता त्याहून जास्त धास्तीने लावला. तरी सपाटच. मी सरांना हाक मारली. त्यांनी पाहिलं आणि फक्त माझ्या पाठीवर हलकेच थोपटलं. मी खुर्चीत मागे रेलले. इतके दिवस मी किती ताठ होऊन बसत होते, हे तेव्हा कळलं. अभियंता मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "बरं झालं बाई."

त्याच आठवड्यात बहिणीचा दुसरा रिपोर्ट आला. तोही स्वच्छ. या वेळी डॉक्टरीणबाई हसल्या. बहिणीने रिपोर्ट हातात घेतला आणि म्हणाली, "अक्का, आता मला अम्माकडे सोड. तुझ्या घरात मला फार उकळून झालं."

मी तिला माहेरी नेलं. अम्माने दारात भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. खाला बाहेर आली. समोरच्या खिडकीतून ती अक्कलकोटकडची बाई हसली. तिचा नवरा पुन्हा कामावर जात होता. अंगाने उतरला होता, पण डोळे निवळले होते.

मुलगी झाली. पहाटे कळा सुरू झाल्या आणि दुपारच्या आत सगळं पार पडलं. दवाखान्यातून घरी आणल्यावर बोळातल्या बायका बाळ बघायला येत होत्या, जात होत्या. मी आतल्या खोलीत चटईवर जरा पाठ टेकली. बाहेर अम्मा कुणाला तरी सांगत होती, "माझी मोठी मुलगी ना, ती गटारातलं पाणी तपासते. त्यातून सगळं कळतं." तेलुगूत नव्हे, स्वच्छ मराठीत, सगळ्या बोळाला ऐकू जाईल असं. मला उठून बाहेर जावंसं वाटत होतं, पण डोळे मिटत चालले होते. समोर टॉवेलच्या मागांचा खडखडाट चालू होता. त्या आवाजात आम्ही दोघी बहिणी लहानपणी झोपायचो. बाळ माझ्या शेजारी मूठ वळून झोपलं होतं. मीही झोपले, आणि संध्याकाळपर्यंत मला कुणी उठवलं नाही.